सोनीबाईच्या घरची पहिली भाकर

नाशिकच्या जुन्या सीबीएस स्टँडवर सकाळी साडेसहाला आम्ही सहा जण उभे होतो आणि आमच्यापुढे ब्लँकेटांचे चार गठ्ठे होते. कंडक्टरनं आधी गठ्ठ्यांकडे पाहिलं, मग आमच्याबरोबरच्या शांतामावशींकडे.

"लग्नाला चाललाय का दुकान टाकायला?"

"वाटायला चाललोय," मावशी म्हणाल्या. "तुला हवं का एक? कुडकुडतोयस नुसता."

कंडक्टर हसला आणि गठ्ठे टपावर चढले. मी मात्र बाजूला उभी राहून यादी तपासत होते. यादी माझ्याकडे यायचं कारण एवढंच, की माझं अक्षर चांगलं होतं आणि मी कुणाशी फारशी बोलत नसे. माझं कॉलेज नुकतंच संपलं होतं. वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कामाला, शाळा सगळी इंग्रजी माध्यमाची, आणि दर रविवारी नाशिकरोडच्या आमच्या चर्चमध्ये शेवटून तिसऱ्या बाकावर माझी जागा. तिथं मी गाणी म्हणे. पण उभं राहून चार शब्द बोलायची वेळ आली की मला खोकला येई.

आमच्या मंडळीची (चर्चच्या सभासदांची) सुरगाण्याकडच्या डोंगरातल्या एका छोट्या मंडळीशी जुनी ओळख होती. पाड्याचं नाव उंबरमाळ. नोव्हेंबरात भात आणि नागली (नाचणी) घरात आली की तिथं कापणीचा सण होतो. नव्या पिकाचा वाटा उपासनेत आणून ठेवायचा आणि देवाचे उपकार मानायचे. त्या वर्षी तिथले पाळक (चर्चचे धर्मगुरू) मोतीराम यांचा निरोप आला होता : सहा जण या. सहाच. एकही कमी नको. आम्हांला वाटलं, जीपमध्ये तेवढीच जागा असेल.

दिंडोरीपर्यंत दोन्ही बाजूंना द्राक्षबागा होत्या. वणी मागे पडली तशा बागा संपल्या आणि रस्ता चढू लागला. बोरगावला एसटी सोडली. वडापाव खाल्ला, जीप ठरवली. जीपवाल्यानं आत, मागे आणि टपावर मिळून किती माणसं घेतली हे मी मोजायचं सोडून दिलं. एक म्हातारी मांडीवर कोंबडी घेऊन माझ्याशेजारी बसली होती. कोंबडी वळणावळणाला माझ्या ओढणीला चोच मारायची.

"ओळखते का काय तुला?" म्हातारीनं विचारलं.

मी नुसती हसले. मावशी म्हणाल्या, "ओळखत असती तर गप्प बसली असती. हिच्याजवळ सगळे गप्पच बसतात."

उंबरमाळ पहिल्यांदा दिसलं ते खालून. उतारावर कापलेल्या भाताची पिवळी खाचरं पायऱ्यांसारखी उतरलेली, त्यांच्या वर कुडाच्या भिंतींची कौलारू घरं, आणि सर्वांत वर पांढरा चुना लावलेली एक खोली. तिच्या दारावर लाकडी क्रूस नसता तर मला ती शाळा वाटली असती. हवेत पेंढ्याचा वास होता. मोतीराम पाळक उघड्या पायांनी उतरत आले आणि प्रत्येकाचा हात हातात घेऊन "सलाम" म्हणाले. मीही म्हटलं, पण इतक्या हळू की त्यांनी वाकून पुन्हा ऐकलं.

ख्रिस्ती घरं सहा होती. संध्याकाळी खोलीपुढच्या अंगणात सहा बायका उभ्या राहिल्या. पाळकांनी छोटी प्रार्थना केली आणि एकेक नाव घेत प्रत्येकीला एकेक पाहुणा नेमून दिला. झोपायचं सगळ्यांनी खोलीतच. जेवायला मात्र ज्याला जे घर नेमून दिलं तिथं. माझं नाव सोनीबाईसाठी घेतलं गेलं. पस्तिशीची, सडपातळ बाई. लुगड्याला ओलं शेण लागलेलं, कारण माझ्यासाठी ती नुकतीच ओटा सारवून आली होती. तिनं माझा हात धरला आणि घरी पोचेपर्यंत सोडला नाही. मला हात धरून चालायची सवय नव्हती. तो कसा सोडवायचा हेच मी वाटभर ठरवत राहिले.

घरात सोनीबाई, तिचा नवरा यशवंत, सासू आणि दोन मुली. चुलीवर मातीचा तवा, कोपऱ्यात जातं, जात्याशेजारी सुपात निवडलेली नवी नागली. भिंतीशी कणगी (धान्य साठवायचं बांबूचं मोठं टोपलं) उभी होती. माझी नजर अशा वेळी नको तिथं जाते. भांडी मोजून सात. सासूच्या अंगावर विरलेली गोधडी. मुलींच्या हातापायांची हाडं दिसणारी. मला वाटलं, मी खाल्लं तर यांच्यापैकी कुणाचं तरी कमी होणार.

"बस बाय," सोनीबाई म्हणाली. "दळते नं टाकते भाकर. वेळ नाय लागायचा."

"नको, खरंच नको," मी म्हटलं. "मी जेवून आलेय."

"थोडी तरी. अर्धी."

"भूकच नाही मला."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं सासूकडे बघितलं. सासूनं डोळे मिटून घेतले. मी पिशवीतून बिस्किटांचे दोन पुडे काढून मुलींपुढे धरले. मुलींनी आईकडे पाहिलं. आईनं मान हलवल्यावरच घेतले. सोनीबाईनं सूप उचललं आणि नागली परत कणगीत ओतली. मग चुलीवर भात ठेवला. रेशनचा, जाड, लालसर. मी लगेच उठले. ओटा उतरताना मला स्वतःचं कौतुक वाटत होतं. किती समजूतदारपणे वागले मी!

खोलीत सतरंजीवर आडवं होताना मावशींनी विचारलं, "जेवलीस का गं?"

"हो," मी म्हटलं. मी चार बिस्किटं खाल्ली होती.

रविवारी सकाळी उपासना. झेंडूच्या माळा, ढोल, आणि खोलीत न मावलेली माणसं अंगणात. एकेक घर नाव घेतल्यावर पुढे येई आणि वेदीसमोर टोपली ठेवी : भात, नागली, उडीद, काकडी, एकीनं तर बांधलेली कोंबडी. प्रत्येक टोपलीवर एकेक भाकर ठेवलेली होती, काळसर, ताजी. सोनीबाईच्या टोपलीवर भाकर नव्हती. माझ्या ते लक्षात आलं, पण मला वाटलं, विसरली असेल.

मोतीराम पाळक फार वेळ बोलले नाहीत. "आपण देतो तेव्हा आपला हात वर असतो नं घेणाऱ्याचा खाली," ते म्हणाले. "पण भात लावताना बघा. दोघं वाकलेले असतात. देणारा बी नं घेणारा बी." मी ते वहीत लिहून घेतलं. परीक्षेसाठी लिहून घ्यावं तसं.

मग ब्लँकेटं. पाड्यातली सगळी घरं आली, चर्चमध्ये न येणारीसुद्धा. मी नाव वाचायची, खूण करायची, मावशी ब्लँकेट द्यायच्या. सोनीबाई सासूसाठी घ्यायला आली तेव्हा मावशींनी ते माझ्याच हातात दिलं, "तुझं घर आहे ना हे, तूच दे." सोनीबाईनं दोन्ही हात पुढे केले. ब्लँकेट कपाळाला लावलं आणि म्हणाली, "लय ऊब हाय. देव तुला देवो." एवढंच. नको नको नाही, आमच्याकडे आहे म्हणणं नाही. सरळ घेतलं, आणि घेताना ती माझ्यापेक्षा उंच दिसली.

दुपारी सगळ्या पाड्याचं जेवण झालं. इथली प्रत्येक बाई भात शिजवायला घेताना मूठभर तांदूळ बाजूच्या मडक्यात टाकते; वर्षभराच्या त्या मुठींचा हा भात. बरोबर उडदाचं वरण आणि खुरासणीची (कारळ्याची) चटणी. पंगतीत मला कुणी एकटीला बघत नव्हतं. मी तीनदा भात घेतला.

तीन वाजता आमची जीप निघणार होती. मी हात धुवायला विहिरीवर गेले. तोवर सगळ्या पाड्यातून जात्यांचा आवाज येऊ लागला होता. दुसऱ्या दिवशी मुकादमाचा ट्रक यायचा होता. इथली बहुतेक घरं कापणी झाली की दिंडोरीकडं द्राक्षबागांच्या कामाला जातात, ती थेट होळीच्या सुमारास परततात. बरोबर न्यायचं पीठ आजच दळायचं होतं.

विहिरीच्या कठड्यापलीकडे सोनीबाई आणि शेजारची भागीबाई पाणी शेंदत होत्या. मी करवंदीच्या जाळीआड होते. मी दिसत नव्हते.

"काय गं सोनी," भागीबाई म्हणाली, "तुझं जातं मुकं झालं का? समद्यांची गातात."

"कशानं दळू? पाव्हणी पोट भरून आल्ती आमची."

"म्हंजे? खाल्लंच नाय तिनं?"

"बिस्किटं वाटून गेली."

"आता गं! आन् उद्या काय नेशील? पोरींना काय घालशील तिकडं?"

"रेशनचे तांदूळ हायत आठ दिसांचे. मंग बघू."

"अगं, सांग ना तिला, येड्यासारखी काय करतीस! एक घास खा म्हणावं."

"सांगून घातलेला तो का घास झाला, भागी?" सोनीबाई म्हणाली, आणि घागर उचलून निघाली.

मला सगळं कळलं नव्हतं; पण माझे कान तापले होते. मी धावतच वर गेले आणि मावशींना एका दमात सांगून टाकलं.

"तू मला जेवले म्हणालीस!"

"बिस्किटं खाल्ली होती."

"बिस्किटं!" मावशींनी कपाळाला हात लावला. "अगं, खाली मान घालून बसतेस म्हणून मी म्हटलं शहाणी आहे."

त्यांनी मला मोतीराम पाळकांपुढे उभं केलं. पाळकांनी ऐकून घेतलं. रागावले नाहीत. इथली रीत त्यांनी सांगितली ती अशी : नवं धान्य घरच्यांनी आधी खायचं नाही. बाहेरून आलेल्या पाहुण्यानं त्या घरात बसून, प्रार्थना करून, पहिला घास घ्यायचा. मगच घरचं जातं फिरायचं. म्हणून सहा घरांना सहा पाहुणे मागवले होते. एका पाहुण्यानं एका हंगामात एकाच घरचं नवं खायचं. त्यामुळे माझ्या जागी दुसऱ्या कुणाला बसवता येत नव्हतं.

"पण मी त्यांना सांगते ना, की खाऊन टाका, माझी काही हरकत नाही," मी म्हटलं.

पाळक हसले. "तुमची नाय हो बाई. ते खायचे नायत."

"हा देवाचा नियम आहे?"

"देवाचा कसला? आमच्या आज्यापणज्यांचा. ते पयला घास डोंगराला ठेवायचे. आता आम्ही येशूच्या नावानं पाव्हण्याला देतो. देवाला काय पोट नाय. पाव्हण्याला हाय."

"मी आत्ता जाऊ?"

"ते तुमचं तुम्ही बघा. मी जा म्हणालो तर ते बी सांगून घातल्यासारखंच व्हतं."

खाली जीपनं हॉर्न दिला. आमच्यातले चौघं सामान घेऊन उतरायलाही लागले होते. मी मावशींकडे पाहिलं. मावशींनी खाली उभ्या असलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारली, "तुम्ही व्हा पुढे! हिच्या आईला सांगा, आम्ही दोघी उद्या येतो!" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बघतेस काय? मी दारापर्यंत येणार नाही. तिथं तुझं तोंड तुलाच उघडायचंय."

सोनीबाईच्या ओट्याशी पोचेपर्यंत मी तीन वाक्यं तयार केली होती. एक इंग्रजीतलं होतं. यशवंत ओट्यावर दोरखंडानं भांड्यांचं गाठोडं बांधत होता. मला बघून त्यानं आत हाक दिली. सोनीबाई दारात आली. माझी तिन्ही वाक्यं गेली.

"मला भूक लागलीय," मी म्हटलं.

माझ्या आयुष्यात मी परक्याच्या दारात उभं राहून काही मागितलं नव्हतं. पाणीसुद्धा नाही.

सोनीबाईनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आत्ता तर तीनदा भात घेतलास. मी मोजलं."

"तरी लागलीय."

आतून सासूच्या हसण्याचा आवाज आला, खोकल्यात मिसळलेला. सोनीबाई दारातून बाजूला झाली. "मंग बस," ती म्हणाली. "आता पळू नको. जातं जड हाय, वेळ लागतो."

खरंच वेळ लागला. तिनं कणगीतून नागली काढली, पुन्हा पाखडली, जात्याशी बसली. मी म्हटलं, मी धरू का खुंटा? आमच्या दोघींच्या ओढीत जातं अर्धा फेरा जाई आणि थांबे. थोरली मुलगी तोंडावर हात धरून हसत होती. "आई, हिला दाणेच टाकू दे," ती म्हणाली. मग मी दाणे टाकू लागले, चिमटीचिमटीनं. जात्याच्या कडेनं करडं, मऊ पीठ उतरू लागलं. सोनीबाई हळूच काहीतरी गुणगुणत होती. मी दाणे टाकायला उशीर केला की तिचं कोपर माझ्या गुडघ्याला लागे.

भाकर पानावर आली. वर लसूण-मिरचीचा ठेचा. सगळे समोर बसले : नवरा, सासू, दोन मुली. कुणाच्याही पुढे काही नव्हतं.

"प्रार्थना," सोनीबाई म्हणाली.

"मी?"

"मंग कोण? पाव्हणी तू ना?"

शाळेत मला जेवणाआधीची प्रार्थना पाठ होती, ठराविक चालीची, इंग्रजीतली. ती इथं कुणाच्या कामाची नव्हती. मी डोळे मिटले. चुलीतलं लाकूड तडतडत राहिलं. मग म्हटलं, "प्रभू, यांनी मला काल बोलावलं होतं. मी आले नाही. यांनी दार लावलं नाही. या धान्याबद्दल, यांच्या कष्टाबद्दल तुझे उपकार मानते. यांना उद्या वाटेत आणि तिकडं कामावर पुरू दे. आमेन."

"आमेन," सासू मोठ्यानं म्हणाली.

मी पहिला घास घेतला. नागलीला मातीजवळची एक चव असते. गोड नाही, कडूही नाही. सासू पुढे झुकून माझ्या जबड्याकडे बघत होती. मी गिळला तशी ती मागे टेकली आणि म्हणाली, "खाल्लं गं. दे आता पोरींना."

दोन्ही मुलींचे हात एकदमच पुढे आले. धाकटीनं अख्खी भाकर दोन्ही हातांनी धरली आणि चावायच्या आधी नुसता वास घेतला. कालपासून ही मुलगी भात खात होती, कणगी भरलेली असताना, माझ्या सभ्यपणामुळे. मला माझी भाकर संपवता येईना. सोनीबाईला ते दिसलं असणार, कारण तिनं माझ्या पानात आणखी अर्धी टाकली आणि म्हणाली, "रडायचं आसंल तर खाऊन रड. थंड झाली की चिवट व्हते."

अंधार पडेपर्यंत जातं चाललं. मी दाणे टाकत होते. यशवंतनं पिठाची पिशवी बांधली तेव्हा ती दोन हातांनी उचलावी लागली.

सोमवारी सकाळी आम्ही दोघी मुकादमाच्या ट्रकमधूनच निघालो. दुसरं वाहन दुपारपर्यंत नव्हतं. ट्रकमध्ये उंबरमाळची निम्मी घरं होती : गाठोडी, हंडे, बकऱ्या, पिठाच्या पिशव्या आणि कालची ब्लँकेटं पांघरलेली माणसं. मावशींनी मुकादमाला जागा करायला लावली आणि भागीबाईला चुलीवरच्या केकची कृती सांगायला घेतली. भागीबाईनं सगळी ऐकून घेतली आणि विचारलं, "आन् अंडं घातल्यावर देव खातो का तुमचा?" पुढचा अर्धा तास ट्रक हसत होता.

सोनीबाई माझ्या खांद्याला खांदा लावून बसली होती. या वेळी तिनं हात धरला तेव्हा मी तो सोडवायचा विचार केला नाही. दिंडोरीच्या अलीकडे एका बागेपाशी तिचं घर उतरलं. यशवंतनं आईला पाठीवर घेतलं. सोनीबाईनं फडक्यात बांधलेल्या दोन भाकऱ्या माझ्या हातात दिल्या. मी "नको" म्हणणार होते. शब्द ओठांपर्यंत आलाही होता.

"द्या," मी म्हटलं.

पुढच्या रविवारी आमच्या चर्चमध्ये उपासनेनंतर सुरगाण्याच्या भेटीचा वृत्तान्त सांगायचा होता. मावशींनी परस्पर माझं नाव दिलं होतं. मी पुढे उभी राहिले. खोकला आला, तो गिळला. किती गठ्ठे नेले, किती घरांना दिले, ते यादीवरून वाचलं. लोक माना डोलावत होते. तिथंच थांबता आलं असतं. इतकी वर्षं मला वाटत आलं होतं, की कुणाकडून काही न घेणं म्हणजे चांगुलपणा. आपला भार कुणावर पडू द्यायचा नाही, आणि द्यायचं तेव्हा यादी करून, अंतरावरून द्यायचं. पण मी घेतलं नाही, तर समोरच्याला द्यायला जागाच उरत नाही. त्या घरात तर त्यांना स्वतःचं खायलाही जागा उरली नव्हती.

एवढं सगळं काही मला तिथं बोलता आलं नाही. मी यादी घडी करून म्हटलं, "एका घरात नवं धान्य मी खाल्ल्याशिवाय शिजणार नव्हतं. आणि मी तिथं एक दिवस उशिरा पोचले."

मग मागच्या बाकावरून एका म्हाताऱ्या आजींनी, ज्या कमी ऐकू येतं म्हणून नेहमी ओरडूनच बोलतात, विचारलं, "पण शेवटी जेवलीस ना, बाळ?"

"जेवले, आजी."

"मग झालं तर," त्या म्हणाल्या, आणि पूर्ण चर्चनं आमेन म्हटलं.